करकरणारा ब्रेक

४ फेब्रुवारी

पन्नाशीला टेकलेली बाई आज डोक्यावर हेल्मेट चढवून स्वयंपाकघरात उभी. दूध तापवत! म्हटलं, काय गं, छत पडणार आहे का? तर म्हणे, "टोचतंय कुठे ते बघतेय, बाबा. जरा वेळ घालून ठेवल्याशिवाय कळत नाही."

ही माझी मुलगी. इस्पितळात एक्स-रे काढते. आठवडाभर लोकांची मोडलेली हाडं उजेडाला धरून बघायची आणि रविवारी स्वतःची मोडून घ्यायला डोंगरावर जायचं! माउंटन बायकिंग म्हणतात त्याला. इंग्रजी नाव दिलं की वेडेपणालाही इस्त्री होते.

गेलं वर्षभर सायकलवाल्या टोळीतल्या कुणाकुणाची सायकल मागून आणायची. आता स्वतःची हवी. जुनीच, पण स्वतःची. मार्चमध्ये इथल्या टेकडीवर शर्यत आहे — चाळिशीवरच्या बायकांचा वेगळा गट आहे म्हणे — तिच्यात उतरायचंय.

"बघायला याल का बरोबर? तुम्हाला सायकलीतलं कळतं."

कळतं! उभा जन्म विजेचे मीटर वाचत दारोदार हिंडलो, तो काय विमानातून? पण लगेच हो म्हटलं नाही. पेपर तोंडासमोर धरला. एकच बातमी दोनदा वाचून झाल्यावर म्हटलं, बघू.

८ फेब्रुवारी, रविवार

जुन्या सायकली विकणाऱ्यांइतकी खोटी जमात मी पाहिली नाही. जुनी घरं विकणारे निदान ओल झाकायला एखादं कपाट तरी सरकवतात. हे नुसते तोंडाने रंग देतात! "काका, फक्त रविवारी चालवलीय." "काका, हिने डोंगर पाहिलेलाच नाही." मग माउंटन बाइक कशाला घेतली होतीस, बाबा? भाजी आणायला?

आजची सायकल लाल. चकाचक. विकणारा व्यायामशाळेत लोकांकडून वजनं उचलून घेतो — दंड माझ्या मांडीएवढे. खालच्या नळीवर ज्वाळांचं चित्र चिकटवलेलं. मुलगी भाळली. मी मात्र खाली वाकलो (गुडघे बोलले) आणि बोटाच्या पेराने नळी वाजवत गेलो. टण्, टण्, टण्... ज्वाळेपाशी — ठप्प! नखाने चित्राची कड उचलली. खाली केसासारखी चीर. नळीला अर्धा वेढा घातलेली.

"अरेच्चा!" पहिलवान म्हणाला. "हे मलाच माहीत नव्हतं!"

मग चित्र काय देवाने चिकटवलं?

परतताना मुलगी म्हणाली, "तुम्ही नसतात तर आज मी ती घेऊन आले असते." म्हटलं, "आणि पुढच्या आठवड्यात स्वतःचाच एक्स-रे काढला असतास." हसली. आईसारखी हसते — आधी खांदे, मग तोंड.

१२ फेब्रुवारी

घेतली एकदाची! किंमत लिहीत नाही, कागद लाजेल. रंग शेवाळी. ठिकठिकाणी ओरखडे, पण ओरखडे खरे आहेत. विकणारी एक शिक्षिका. बदली झाली, नव्या गावाला डोंगर नाही. "पट्टीसारखा सपाट मुलूख आहे हो," म्हणाली. आम्ही सायकल बाहेर काढली तेव्हा तिने सीटवरून एकदा हात फिरवला.

मला बाई बरी वाटली. पण मग तिने सांगितलं की पुढच्या, धक्के झेलणाऱ्या दांड्यात हवा भरायची असते आणि त्यासाठी वेगळा पंप असतो. ती हवाही वेगळी मिळते का, विचारणार होतो.

१३ फेब्रुवारी

सायकल बैठकीच्या खोलीत! माझ्या खुर्चीशेजारी! म्हणे बाहेर ठेवली तर चोर नेतील. मला बाहेर ठेवलं तर कुणी नेणार नाही, हेही खरंच.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी टोळी फाटकाशी आली. पडद्याआडून बघून घेतली. पाच-सहा प्रौढ माणसं, दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाने शिवलेल्या कपड्यांत कोंबलेली. बसायच्या जागी गादी लावलेल्या चड्ड्या. माशीसारखे चष्मे. पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी ओठांशी — भांड्याने पाणी प्यायचं वय यांचं गेलं, की अजून यायचंय?

म्होरक्या दातांचा डॉक्टर आहे. मी त्याचं नाव दातपाड्या ठेवलंय. त्याची सायकल म्हणे एका बोटाने उचलता येते. ती आणखी हलकी करायला त्याने साधे बोल्टसुद्धा बदलून घेतले! स्वतःच्या पोटाला मात्र हात लावलेला नाही.

"चला ताई, चला! ऊन चढेल!" ओरडला. ताई निघाल्या. मला हात केला. मी पडदा सोडला.

दुपारी पडल्यापडल्या भुजंगप्रयात सुचलं! शाळेत गुरुजी टेबलावर पट्टी आपटून शिकवायचे — लघू गुरू गुरू, लघू गुरू गुरू — साप वळत गेल्यासारखं. सगळा वर्ग डोलायचा. मागच्या बाकावरचे झोपेत डोलायचे. त्या पट्टीचा आवाज किती वर्षांनी कानात आला!

उडे धूळ पाठी, पुढे ढोल पोटे
घसा कोरडा अन् घड्याळेच मोठे

पुढच्या दोन ओळी येईनात. 'पोटे'ला 'मोठे' हे यमकही मानगूट धरून आणलेलं. गुरुजींनी कान पिळला असता. पण आधी हसले असते.

२२ फेब्रुवारी, रविवार

ती डोंगरावर. सायकलच्या जागी फरशीवर मातीचे दोन पट्टे.

माझी सायकल काळी होती. गिअर नव्हतेच, त्यामुळे ते बिघडायचेही नाहीत. रविवारी सकाळी तिला अंगणात उलटी उभी करायची, चाकं आभाळाकडे. हिच्या, म्हणजे मुलीच्या आईच्या, शिवणयंत्राची तेलाची कुपी घ्यायची, लांब चोचीची. ती चोच पोचेल तिथे एकेक थेंब. चेन, पेडल, चाकाचा आस, घंटीचा स्क्रू — जे बोलेल त्याला तेल! हा माझा नियम. यंत्र कुरकुरतं म्हणजे काहीतरी मागत असतं. मुलगी फडकं घेऊन शेजारी उकिडवी बसायची. चाक जोरात फिरवलं की आरे दिसेनासे व्हायचे आणि ती विचारायची, "बाबा, गेले कुठे?"

शिवणयंत्र गेलं. शिवणारी गेली. कुपी अजून आहे माझ्या कपाटात. तेलही आहे.

आताची मंडळी बाटल्या घेऊन फिरतात. कोरड्या वाटेचं तेल वेगळं, ओल्या वाटेचं वेगळं! उद्या म्हणतील, सोमवारचं वेगळं, गुरुवारचं वेगळं.

२ मार्च

एक : गल्लीच्या तोंडाशी कुणा बांधकामवाल्याने अर्धा रस्ता अडवून वाळूचा ढीग ओतलाय. चालताना चपलेत वाळू, घरात वाळू. नगरपालिकेत फोन केला. "बघतो," म्हणाले. डोळे मिटून बघत असणार.

दोन : सायकलचा ब्रेक ओरडतो. करर्र-ई-ई! ती फाटकाशी थांबली की गल्लीतली सगळी कुत्री उठून उभी राहतात. समोरच्या वहिनींनी विचारलं, "तुमच्याकडे लाकूडकाम चालू आहे का?"

मुलीला म्हटलं, तुझी सायकल रडतेय. तर म्हणे, "हवा दमट असली की होतं तसं, बाबा. पकडतो मस्त. ओरडू दे."

ओरडू दे! यंत्र कळवळून सांगतंय आणि आपण ऐकायचं नाही, हे नवं शास्त्र!

९ मार्च

दातपाड्या चक्क घरात आला. चहा घेतला नाही — साखर. कॉफी घेतली नाही — झोप. बिस्किटाकडे असं बघितलं जसं काही त्याने गुन्हा केलाय. मग आला कशाला? तर शर्यतीची वाट कागदावर काढून दाखवायला.

टेकडीच्या वळणावळणाला यांनी नावं ठेवलीत. एक 'दाढ'. एक 'बायकोची शपथ'. आणि शेवटच्या उताराचं नाव 'विमा'! का? तर तिथून सुटण्याआधी हप्ता भरलेला बरा. तळाशी दगडी कठडा, कठड्याखाली ओढा. मी आणि ही संध्याकाळी त्याच वाटेने कविता म्हणत उतरायचो. शेवटचं कडवं कठड्यापाशी संपायचं. आता तिथे विमा!

मी मुद्दाम विचारलं, "डॉक्टर, एवढ्या भारी सायकली तुमच्या, ब्रेकला रबर दिसत नाही कुठे."

असा हसला, जणू मी विजेच्या दिव्याला वात विचारली! "काका, रबराचा जमाना गेला. आता ब्रेक तेलावर चालतात. चाकाच्या मध्ये ही चकती बघा. सगळं तेलाचं काम!"

मुलगी म्हणाली, "म्हणजे बाबा, नळीच्या आत..." पण दातपाड्याने तिचं वाक्य मध्येच कापलं आणि मागच्या वर्षी 'दाढ' वळणावर आपण कसे पडलो ते सांगत सुटला. कोपर दाखवलं. गुडघा दाखवला. आणखीही काही दाखवणार होता, मी उठून आत गेलो.

१५ मार्च, रविवार

शर्यत पुढच्या रविवारी.

सकाळी टेकडीकडे गेलो होतो. फिरायला! कुणाला बघायला नव्हे.

वाट पार उकरून ठेवलीय या लोकांनी. पण आमचा सपाट दगड आहे तिथेच आहे. ही त्यावर चपला काढून बसायची आणि म्हणायची, "हं, करा सुरू, पहिल्यापासून." मी एखादी ओळ विसरलो की डोळे मिटूनच ती भरायची. त्या दगडाआड बसलो होतो. एवढ्यात खालून माणसं येताना दिसली.

पुढे शेवाळी सायकल. मागे, बराच मागे, दातपाड्या — चालत! एका बोटाने उचलता येणारी सायकल दोन्ही हातांनी ढकलत! ती मात्र उतरली नाही. खडीवर मागचं चाक जागच्या जागी फिरतंय, तिचा श्वास मला दगडाआड ऐकू येतोय, पण पाय टेकला नाही. लघू गुरू गुरू, लघू गुरू गुरू... पेडल त्याच तालात पडत होतं. मी पुटपुटत होतो बहुतेक. माथ्यावर पोचली. कुणी बघत नाही असं वाटून तिने दोन्ही हात वर केले.

पन्नाशीची बाई. हात वर!

घरी आल्यावर विचारलं, "जमतंय का काही?" "ठीक," म्हणाली. मी म्हटलं, देवाने धडधाकट पाय दिलेत, डांबरी रस्ते दिलेत, आणि तुम्हाला दगडांवरूनच... वगैरे. माझं नेहमीचं. ती बुटातली माती काढत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "चढ येतो मला, बाबा. उताराची भीती वाटते. विम्यावर तर जास्तच. उतार म्हणजे सगळा ब्रेकवरचा भरवसा."

मी त्या करकरणाऱ्या ब्रेककडे बघितलं.

२१ मार्च

उद्या शर्यत. ती दुपारपाळीला गेली. जाताना सायकलकडे बोट दाखवून म्हणाली, "आता हिला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

कुणी म्हणजे टोळीतल्यांनी. मी 'कुणी' नव्हे.

कुपी काढली. सायकल उलटी केली. कमरेत कळ आली, पण केली! चेनला थेंब. पेडलला थेंब. मग ती चकती. बोट लावून बघतो तर कोरडी ठणठणीत! म्हणे सगळं तेलाचं काम, आणि तेलाचा टिपूस नाही! म्हणूनच ओरडते बिचारी. एवढे माशीसारखे चष्मे लावून हिंडतात, एकाला दिसू नये? पुढच्या चकतीला तेल दिलं, मागच्या चकतीला दिलं, चाकं फिरवून सगळीकडे लागू दिलं. ओघळ फडक्याने टिपले. वरून काही दिसायला नको.

मग चाक फिरवून ब्रेक दाबला. आवाज नाही! हळू, सभ्यपणे थांबलं. आरे फिरताना दिसेनासे झाले तेव्हा वाटलं, कुणीतरी शेजारी बसून विचारील, गेले कुठे?

तिला सांगणार नाही. उद्या विम्यावर सायकल ओरडायची नाही आणि मुलीची भीतीही जाईल. तेव्हा आपोआप कळेल, सायकलीतलं कुणाला कळतं ते!

२२ मार्च, रविवार

उतरलीच नाही!

ती सकाळी लवकर सायकलवरून निघून गेली होती. मी समोरच्या वहिनींच्या मुलाच्या गाडीतून मागाहून पोचलो. बघतो तर ही कुंपणाशी उभी. कोपर सोललेलं, केसांत वाळू, छातीवरचा नंबर काढून हातात घेतलेला.

"काय झालं?"

"घसरले. आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, वाळूच्या ढिगात."

शर्यत सुरू व्हायच्या आधीच पडली! "आणि आता?"

"नाही उतरत, बाबा. अंगात कणकण आहे."

दातपाड्या धावत आला. "ताई, ऐनवेळी असं? काय दुखतंय? सायकलचं काही आहे का? बघू!" हिने सायकल कुंपणाआड सरकवली. "सायकलला काही नाही, डॉक्टर. मलाच बरं नाही."

मग शर्यत संपेपर्यंत माझ्या दंडाला धरून उभी राहिली. कणकण असलेल्या माणसाचा हात गरम लागतो. हिचा गार होता. एकेक जण विम्यावरून सुटायचा आणि हिची बोटं माझ्या दंडात रुतायची. हिच्या गटात जी पहिली आली, ती बाई विमा सायकल हातात धरून उतरली. चालत! चालत जिंकली! आणि ही इथे उभी!

मला राहवलं नाही. म्हटलं, "घाबरलीस तू."

माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली, "हो बाबा. घाबरले."

एवढं तेल घातलं, ते वाया!

२३ मार्च

बागेतल्या बाकावर निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं, काय झालं लेकीच्या शर्यतीचं? सांगितलं सगळं. रंगवून सांगितलं. कविताही पुरी झाली, तीही म्हणून दाखवली —

चढाला मिजासी, उतारास कापे
म्हणे ताप आला, कुणी ताप मापे!

पोस्टमास्तरांनी मांडीवर थाप मारली. "वा! वृत्तात बसलंय अगदी!"

बसलंच आहे. घरी येताना मात्र ते कडवं पुन्हा म्हणवेना. ऊन असेल.

२६ मार्च

दातपाड्या आला. एप्रिलमध्ये धरणामागच्या डोंगरावर मोठी शर्यत आहे. टोळीचा संघ जाणार आहे आणि संघात एक बाई असायलाच हवी. त्याबद्दल बोलायला आला. मी माझ्या खुर्चीत, चहाचा कप हातात. बोलता बोलता त्याने सवयीने शेवाळी सायकलचं पुढचं चाक उचललं, फिरवलं, ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. चकतीवर बोट फिरवलं. बोट नाकाला लावलं.

"तेल! ताई, चकतीवर तेल?"

तिने सायकलचं हँडल धरलं.

"अहो, ही घासून थांबते! तेल नळीच्या आत असतं, आत! बाहेर एक थेंब लागला तरी ब्रेक मेला! आणि इथे तर..." मागचं चाक बघितलं. "दोन्हींना! डोळे मिटून विम्यावरून उडी मारल्यासारखंच की! कठड्यावर आपटून सरळ ओढ्यात! कुणी घातलं हे?"

मी कप खाली ठेवायला गेलो, तर टेबल कुठे आहे ते दिसेना.

"मीच," ती म्हणाली. "चेनला घालताना चुकून."

"चेनला घालताना पुढच्या चाकाला?"

"चूक झाली, डॉक्टर."

त्याने तेलाचं बोट रुमालाला पुसलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तरीच त्या दिवशी... मग सांगायचं ना! दुसरी सायकल दिली असती कुणीही." आणि थोड्या वेळाने, "राग मानू नका, ताई. पण ज्याला ब्रेकला तेल लावू नये एवढं कळत नाही, त्याला मी धरणावर नाही नेऊ शकत. तो उतार विम्याचा बाप आहे. मागून येणाऱ्यांचाही जीव असतो."

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

एकदासुद्धा माझ्याकडे बघितलं नाही. चहा माझ्या पायावर सांडला होता. फडकं तिनेच आणलं.

२७ मार्च

काही नाही.

२९ मार्च, रविवार

टोळी फाटकासमोरून गेली. थांबली नाही. ती माळा आवरत होती. कुणी सांगितला होता माळा आवरायला?

म्हटलं, "अगं, त्या दिवशी..."

"बाबा, तुमच्या निळ्या शर्टाचं बटण तुटलंय. काढून ठेवा, लावते."

पुन्हा म्हटलं, "मी शनिवारी दुपारी..."

"पानं घेते. हात धुऊन या."

बोलूच देत नाही!

गल्लीच्या तोंडाशी जाऊन आलो. वाळूचा ढीग तसाच आहे. मधोमध एक खळगा, माणूस आडवं पडेल एवढा. नगरपालिकेने माझं ऐकून तो ढीग उचलला असता, तर गल्लीच्या पुढे सरळ मोठा रस्ता आहे. ट्रकचा. बराच वेळ उभा राहिलो. वाळूवर हात ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचं काही हरवलंय.

कवितेच्या शेवटच्या दोन ओळी खोडल्या. खोडलेलं जास्तच ठळक दिसतं.

२ एप्रिल

दातपाड्याच्या दवाखान्यात गेलो. त्याच्या हाताखालच्या मुलीला म्हटलं, डॉक्टरांशी बोलायचंय. तिने खुर्चीत बसवलं, गळ्याला कागद बांधला, खुर्ची आडवी केली. मी म्हणतोय, "अहो, मला दाताचं..." तेवढ्यात दातपाड्या आला. "या काका! आ करा."

आ केला! तोंडात आरसा, तोंडात शिट्टी वाजवणारी नळी, आणि मी जन्मातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगायला आलेला! "आई आआआं एओ" एवढंच निघालं. तो म्हणाला, "हो हो, दुखत असणारच. ही मागची दाढ गेलीय."

हात धरून त्याचा आरसा बाहेर काढला. "तेल मी घातलं," म्हटलं. "तिने नाही. मी. दोन्ही चकत्यांना. शिवणयंत्राचं."

आधी हसला. इतका हसला की तोंडावरची पट्टी घसरली. मग हसू हळूहळू उतरलं. "ताईंना माहीत आहे?"

"गल्लीच्या तोंडाशीच कळलं असणार."

"तरी माझ्यासमोर स्वतःवर घेतलं?"

मी छताकडे बघत होतो. खुर्ची आडवी असली की माणसाला दुसरीकडे बघताही येत नाही.

त्याने हात धुतले. बराच वेळ धुतले. पाठमोराच म्हणाला, "काका, ब्रेक तेलावर चालतात, असं तुम्हाला मीच म्हणालो होतो ना? त्या नीट सांगत होत्या, तर मी मध्ये बोललो."

आता हाही बरा माणूस निघाला तर मी नावं ठेवायची कुणाला?

दाढ काढावी लागेल म्हणाला. सोडणार नाहीच मेला!

३ एप्रिल

बाकावर जाऊन पोस्टमास्तरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी मांडीवर थाप मारली नाही. काठीच्या टोकाने मातीत रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "ते कडवं परत म्हणू नका कुठे."

म्हणणार नाही.

घरी आलो तर ती फोनवर. "हो डॉक्टर... नाही, कशाला सांगायचं होतं... हो. हो. ब्रेकला नवे पॅड बसवून घेते." मला बघून आत गेली. मी पेपर उघडला. उलटा होता.

१२ एप्रिल, रविवार

काल संध्याकाळी माझ्या खुर्चीच्या हातावर कुपी ठेवलेली होती. शेजारी फडकं. ती आतून म्हणाली, "बाबा, उद्या संघाबरोबर धरणावर जायचंय. चेन कोरडी झालीय. तेल घालाल?" आणि जरा थांबून, "फक्त चेनला."

फक्त चेनला घातलं. चकतीकडे बघितलंसुद्धा नाही.

आज सकाळी निघताना तिने फाटकाशी ब्रेक दाबून बघितला. करर्र-ई-ई! गल्लीतली सगळी कुत्री उठून उभी राहिली. समोरच्या वहिनी खिडकीत आल्या.

ओरडू दे.